तीन पाण्यांनी

रविवारी सकाळी साडेसहाला कुळगावात नळाला पाणी आले आणि सरस्वतीबाईंनी सुनेचे शेवाळ धुऊन टाकले.

शेवाळ समुद्रातले होते. वृंदाने ते अलिबागहून खाऱ्या पाण्याच्या डब्यातून आणून ओट्यावर काचेच्या दोन बरण्यांत ठेवले होते. प्रत्येक झाकणाखाली साडीची खळ लावलेली कागदाची पट्टी. शेवाळाला त्रास झाला की ते आयोडीनची वाफ सोडते आणि त्या वाफेने पट्टी निळी होते, एवढे तिला प्रबंधासाठी सिद्ध करायचे होते. आधीच्या खेपेचे शेवाळ तिने उन्हात ठेवले, सुकवले, कोमट खाऱ्या पाण्यात घातले. पट्टी पांढरीच. उद्या काही दाखवता आले नाही, तर सर विषय बदलायला लावणार होते. दोन वर्षांचे काम जाणार होते.

"वास मारत होतं गं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "एकच बरणी झाली, तोवर पाणी गेलं. तीन पाण्यांनी धुतलंय. आमच्याकडे समुद्राचं काहीही आलं की असंच धुतात. पट्टी होती तिथं लावलीय हो."

धुतलेली बरणी रिकामी करायला वृंदाने हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. पट्टी निळी झाली होती, शाईत बुडवल्यासारखी.

तिच्या हाकेने तिचा नवरा श्यामकांत गालाला साबण तसाच घेऊन आला. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो अधिकारी होता. आधी तो मनापासून हसला. मग थांबला.

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. शेवाळातलं आयोडीन ते स्वतःच बाहेर काढू शकतं. हा निळा रंग शेवाळाचा की नगरपालिकेचा?"

"अहो, रविवारी तरी कारखाना डोक्यातून काढा," वृंदा म्हणाली. पण सरांचाही पहिला प्रश्न हाच असणार, हे तिला कळत होते.

मग श्यामकांतच बादली घेऊन गावातल्या हिरामणच्या विहिरीवर गेला. आपल्या विहिरीत कधी कुणाला क्लोरीनची पावडर टाकू दिली नाही, हे हिरामण गावभर सांगत असे. वृंदाने दुसरी बरणी सासूबाईंच्या हातात दिली आणि सकाळसारखेच धुवा म्हणाली.

"मघाशी तोंड एवढंसं केलंस, आणि आता धुवा म्हणतेस," सरस्वतीबाई म्हणाल्या. तरी पदर खोचून त्यांनी शेवाळ तीन पाण्यांनी धुतले, नवी पट्टी लावली, झाकण घातले.

पोहे झाले, दुसरा चहा झाला. कुणी ओट्यापासून हलले नाही. दहा वाजता पट्टी पांढरी होती. नंतर तिच्या खालच्या काठाशी काहीतरी दिसू लागले. श्यामकांत त्याला निळे म्हणायला तयार नव्हता. सरस्वतीबाई पांढरे म्हणायला तयार नव्हत्या.

वृंदाने अजून झाकण उघडलेले नाही.