अकराची चिठ्ठी

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा फिरत फिरत त्याच्या टेबलावर आला. आज चिठ्ठी काढायची पाळी त्याची होती.

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर शहराच्या विजेच्या मागणीची रेघ चढतच होती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर डांबर वितळत होतं आणि घरोघरी एसी, कूलर, पंखे एकदमच चालू होते. बर्फाचे कारखाने बंद करवून झाले, मोठ्या दुकानांपुढे हात जोडून झाले, तरी भार उतरेना. पाच मिनिटांत एखादा भाग तोडला नाही, तर सगळ्या शहराचीच वीज जाणार होती.

कुठला भाग तोडायचा, हे इथे कोणी माणूस ठरवत नसे. शिफ्टप्रमुख बाईंनी रीतच तशी घालून दिली होती. दवाखान्यांचे भाग वगळायचे, काल ज्यांची वीज गेली त्यांना आज सूट, उरलेल्यांचे आकडे डब्यात. निघेल तो भाग तासभर बंद. मग तो मंत्र्याचा असो की हमालाचा.

त्याचं घर अकरा नंबरच्या भागात होतं. घरी आई होती आणि आईच्या नाकाशी ऑक्सिजनचं यंत्र. ते विजेवर चालायचं. इन्व्हर्टर नेमका परवाच जळला होता. काल रजा टाकून तो दवाखान्यांचे उंबरे झिजवत हिंडला. कुठेही खाट रिकामी नव्हती. "यंत्राशिवाय दहा मिनिटं. फार तर पंधरा," डॉक्टर म्हणाले होते.

त्याने चिठ्ठी उलगडली. अकरा.

आपल्या आईवरचं संकट दुसऱ्या कोणावर ढकलायचं? मग त्याला बहीण आठवली. ती सतरामध्ये राहायची. धडधाकट आणि तोंडाने फटकळ. तासभर घामाने भिजेल, भावाला चार शिव्या हासडेल, विसरून जाईल. घरचं पाप घरातच राहील. सतरामध्ये आणखी हजारो घरं होती, पण त्या क्षणी त्याला एकच दिसत होतं.

"सतरा," तो म्हणाला आणि त्याने चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान खाली घातली. बाईंनी चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला, परत लावला.

"सतरा. तोडा," त्या म्हणाल्या.

पडद्यावरची रेघ खाली वळली. त्याला हायसं वाटलं आणि स्वतःची शरमही वाटली.

चौथ्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, वीज गेली इथली. आईंना श्वास पुरत नाहीये."

"आपल्याकडची? आपल्याकडची कशी जाईल?"

"आम्ही घरी नाही. तुम्ही गेल्यावर मला राहवेना. आईंना आणि यंत्राला रिक्षात घालून पाच मिनिटांत ताईंकडे आणलं. काल इथली गेली होती, म्हणजे आज जायची नाही. तुम्हीच सांगता ना नेहमी."

तिच्या बोलण्यामागे आईची धाप ऐकू येत होती. तो उठला. टेबलाची कड मांडीला लागली, तेही त्याला कळलं नाही. त्याने मूठ उघडून बाईंपुढे धरली.

"मी खोटं बोललो. अकरा निघाली होती. माझी आई सतरामध्ये आहे, बाई. तुमच्या पाया पडतो."

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सतरा जोडा. अकरा तोडा. लवकर."

फोनमधून यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली. बायको काहीतरी सांगत होती, रडत होती. त्याने रिसीव्हर ठेवला आणि मटकन खुर्चीत बसला.

"नोकरी गेली तरी चालेल," तो म्हणाला. "पण मी तुम्हा सगळ्यांना फसवलं."

बाईंनी डबा ओढून घेतला आणि झाकण लावलं.

"कोणाला फसवलंस? सतराची चिठ्ठी आज डब्यात नव्हतीच."