खेकड्याला विचारलेला प्रश्न

ताम्हिणीच्या शाळेत तृप्तीबाईंनी मुलांना कविता लिहिण्यासाठी घरून काहीतरी आणायला सांगितलं होतं. जे आणलं त्याला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही; तो प्रश्न हीच कवितेची पहिली ओळ. वरच्या वाडीतल्या गंगूनं डब्यातून खेकडा आणला. आईनं सकाळी ओढ्यात धरून गवतानं त्याचे पाय बांधले होते. गंगूनं लिहिलं, "पाय बांधल्यावर तू मनातल्या मनात कुटं चालतुयास?" बाईंनी ओळ दोनदा वाचली. "मग काय म्हणाला तो?" "सोडल्याबिगर कसं कळंल? पर पळाला तर आय रातच्याला कालवण कशाचं करंल?" बाईंनी दार लावलं. मुलांनी दाराखालच्या फटीत दप्तरं कोंबली. गंगूनं गाठ सोडली. खेकडा जागचा हलेना. सगळी मुलं ओणवी होऊन बघत राहिली. गंगूनं मात्र पेन्सिल उचलली आणि खाली दुसरी ओळ लिहिली, "गवत सुटलं, पर पायांस्नी अजून खरं वाटंना."