शिंपीकाकांचं पान

रुसून गेलेल्या लेकीने फोन नंबरही बदलला, तेव्हा शिंपीकाका वेब पेज बनवायला शिकले. सुईला सरावलेली बोटं कीबोर्डवर अडखळायची. शेवटी एकदाचं पान जमलं. वर लेकीचं नाव, खाली एकच ओळ, ‘चुकलो, घरी ये.’

कधीतरी ती स्वतःचं नाव नेटवर शोधेल, तेव्हा वाचेल, या आशेवर वर्ष सरलं. लेक काही आली नाही. काका आतून खंगत गेले.

एक दिवस पुतणीने ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“काका, हे तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे! नेटवर चढवलंतच नाही तुम्ही. तुमच्याशिवाय कुणालाच दिसत नाही हे.”

काकांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे... वाचूनही आली नाही, असं नाही ना गं?”