अकरा चाफे, आंब्याची पानं

अकराव्या चाफ्याला शेवटचं आंब्याचं पान बांधून गुणाबाई मागे सरली. ग्रामपंचायतीची बाग लग्नघरासारखी दिसत होती. फक्त वऱ्हाडाऐवजी तपासणीचे साहेब यायचे होते.

चूक चाफ्यांची होती. त्यांनी दरवर्षीप्रमाणे माघात पानं गाळली. चामोर्शीकडच्या या गावात शेंबडं पोरही सांगेल, की चाफा आधी उघडाबोडका होतो आणि मग फुलतो. पण वृक्षलागवड योजनेच्या मोबाइलला हे कुणी सांगितलं नव्हतं. ग्रामसेवक सुनिलने फोटो काढला की पडद्यावर अक्षरं उमटायची: झाड मृत. मृत झाड उपटायचं आणि त्या जागी नवं लावायचं, असा नियम. साहेब आज त्याचसाठी येत होते. जेसीबीवाल्याला निरोपही गेला होता.

हे चाफे बाग राखणाऱ्या गुणाबाईने माहेराहून फांद्या आणून लावले होते. फांद्या आठ दिवस सावलीत ठेवल्या, चीक सुकू दिला, मग मातीत खोचल्या. तीन वर्षं तिने त्यांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. पाणी कधी द्यायचं आणि पानगळीत हात कधी आखडायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. काल तिने सुनिलसमोर एका फांदीला नख लावलं. पांढराशुभ्र चीक टपकन खाली पडला.

"मेलेल्याले दूध येते का, सुनिलभाऊ?"

सुनिलने चिकाचाही फोटो काढला. मोबाइलने तोही मृत ठरवला. त्याला हिरवं हवं होतं. मग सुनिलच इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, की बाई, शाळेमागे आंबा आहे. माणूस भला होता, फक्त नोकरी तशी होती.

साहेब अकराच्या सुमारास आले. पहिल्या चाफ्यासमोर त्यांनी मोबाइल धरला. झाड जिवंत. दुसरं जिवंत, तिसरंही जिवंत. गुणाबाईच्या जिवात जीव येत होता, तेवढ्यात सरपंचांची शेळी कुंपणातून आत शिरली. चिकामुळे चाफ्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाच्या भगदाडाकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं. पण शेळीला आंब्याचं पान बरोबर कळतं. तिने चौथ्या चाफ्याचं पान ओढलं. पानामागून दोरा आला, दोऱ्यामागून दुसरं पान आलं. शेळी थेट साहेबांच्या बुटांपाशी येऊन निवांत चघळत उभी राहिली. दोरा तिच्या दाढीखाली लोंबत होता.

सुनिल आभाळाकडे बघू लागला. आभाळात काहीच नव्हतं. आता झाकून ठेवण्यासारखं उरलं तरी काय होतं? गुणाबाई चाफ्याच्या आणि साहेबांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"पानं खोटी आहेत साहेब. पन झाडं खरी आहेत. उपटू नका."

साहेब खाली वाकले. शेळीच्या तोंडातून त्यांनी दोरा अलगद ओढून काढला, बोटाला गुंडाळला आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"सारा जिल्हा हिरवा दोरा वापरून राह्यला बाई," ते म्हणाले. "तुम्हीच पांढरा काऊन घेतला? फोटोत दिसते ना."