नाव नसलेली बाटली

राघोत्तमांचा मेहुणा विजयेंद्र दर वर्षी डिस्टिलरीचं नाव न छापलेली सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली घेऊन तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी यायचा. मग दोघं नुसत्या वासावरून ते नाव ओळखायचे. दोघांचं जुळलं, की तेच खरं. यंदा मात्र राघोत्तम धास्तावले होते. तापातून उठल्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता, आणि हे त्यांनी घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं. ग्लासात नाक घालून त्यांनी ठोकून दिलं, “धूर आहे, खारा वारा आहे. टॅलिस्कर.” “मीही हेच म्हणणार होतो, भावोजी,” विजयेंद्र डोळे मिटून म्हणाला. राघोत्तमांना हायसं वाटलं. तेवढ्यात बाजारातून परतलेली सून दारातच नाक दाबून थबकली. “अप्पा, लक्ष ठेवायला सांगितलेलं दूध करपलं. जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्हा दोघांनाही कळलं नाही?” राघोत्तमांनी विजयेंद्रकडे पाहिलं. त्याने ग्लासातून नाक काढलंच नाही.