रपट्याखालची पिसं

पहिली पिसं सापडली ती डोंगराच्या पायथ्याशी. रक्त वाळून काळं पडलं होतं आणि कोंबडीचा एक पाय तेवढा उरला होता.

"बिबट हाये, मावशी," वनरक्षक धम्मदीप मातीतल्या ठशावर हाताचा पंजा ठेवून म्हणाला. "दिवस बुडायच्या आत कोंबड्या खुराड्यात कोंडत जा."

"कोंडूनच तं राहिली ना मी," इंदूबाई म्हणाली. "मंग गेली कशी?"

"एखादी बाहेर राहत असन."

पातूरच्या घाटाखालच्या त्या गावात इंदूबाईचं घर अगदी शेवटचं. मागच्या परसात खुराडा आणि खुराड्यात एकोणीस कोंबड्या. घरात ती आणि तिची लेक नीलम, दोघीच. नीलम डिसेंबरात माहेरी आली, ती मोडका हात गळ्यात बांधून. हात तिच्या नवऱ्यानं, गोवर्धननं मोडला होता.

तो बाळापूरला मालाची गाडी चालवायचा. दर शनिवारी दुपारी सासुरवाडीला यायचा. जेवायचा, नीलमला मारायचा, आणि संध्याकाळी नाल्यावरच्या रपट्याखाली, त्या बुटक्या पुलाच्या आडोशाला, कोरड्या वाळूत बाटली घेऊन बसायचा. रविवारी परत जायचा.

एकदा इंदूबाईनं त्याला दारातच अडवलं.

"पोरगी सासरी येत नाई. तुमी पण येऊ नका, जवाई."

गोवर्धन तिला बाजूला सारून परसात गेला, अंड्यांवर बसलेली कोंबडी उचलली आणि मान पिरगाळली. कोंबडी त्याच्या हातात फडफडत राहिली. ती थांबेपर्यंत तो नीलमकडे बघत होता.

"पाहा," तो म्हणाला, "आवाज बी नाई होत."

त्यानंतर इंदूबाईनं दार अडवलं नाही. उशाला कुऱ्हाड घेऊन झोपायला मात्र ती लागली.

माघ सरत आला. पळसाला फुलं आली. कोंबड्या जातच राहिल्या, आठवड्याला एक, कधी दोन. पिसं आता हरभऱ्याच्या बांधावर सापडायची, मग आंब्याखाली. इंदूबाईनं खुराड्याला पत्रा ठोकला, दाराला तारेचा पीळ दिला.

"हळूहळू गावाकडं सरकून राहिला तो," धम्मदीप म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पिंजरा आणतो."

नीलमला या सगळ्याचं भय वाटत नव्हतं. संध्याकाळ झाली की ती मागच्या पायरीवर बसायची. वानरं कोणत्या झाडावर गेली, मोर कुठून ओरडला, ससा कोणत्या बांधानं पळाला, सगळं बघायची. वानर खाकरल्यासारखं ओरडलं की बिबट जवळ असतो, हे तिनं धम्मदीपला विचारून घेतलं होतं. महिनोन्‌महिने गप्प असलेल्या पोरीला कशाची तरी गोडी लागली, म्हणून इंदूबाईला बरंच वाटलं.

एका संध्याकाळी तिनं आईचा पदर ओढला. "माय, बोलू नको. तिकडं पाहा."

बांधावर बिबट उभा होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. इंदूबाई दाराकडे मागे सरली. नीलम मात्र तो दिसेनासा होईपर्यंत पापणी न लववता बघत होती.

त्यानंतरच्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच कोंबड्या गेल्या. सगळी पिसं रपट्याखाली, वाळूत. धम्मदीप धावत आला. "नाल्यात कोणी बसू नका. जवाईले सांगा, मावशी."

शनिवारी इंदूबाईनं सांगितलं. गोवर्धन हसला. "तुमच्या कोंबड्या खाते तो. मले काय खाते?"

दुपारी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं पट्टा काढला. बक्कल नीलमच्या ओठावर आणि मग भुवईवर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं. इंदूबाई मध्ये पडली, तर त्यानं तिला भिंतीवर ढकललं. मग बाटली उचलली आणि तो नाल्याकडे गेला.

नीलमनं तोंड धुतलं, भुवईवर हळद दाबली आणि पायरीवर जाऊन बसली. दिवस बुडाला. पळसावरून वानर खाकरलं. मग दुसरं.

"नीलम, त्याले हाक मार."

"ओठ सुजला, माय. आवाज नाई निघत."

इंदूबाईनं स्वतःच हाक मारायला तोंड उघडलं आणि नाल्यातून किंकाळी आली. ती मध्येच तुटली.

इंदूबाई कुऱ्हाड घेऊन धावली. बिबट गोवर्धनला गळ्याशी धरून ओढत नेत होता. त्याच्या टाचा वाळूत रेघा ओढत होत्या. तिनं ओरडत कुऱ्हाड घातली. ती बिबटाच्या पाठीवर निसटती लागली. तो उलटला, तिच्या दंडावर पंजा मारून गेला आणि झुडपात घुसला. तिनं गोवर्धनचा गळा दोन्ही हातांनी दाबून धरला. रक्त तिच्या बोटांमधून येत राहिलं. गावचे लोक पोचले तेव्हा ते थांबलं होतं.

तिच्या दंडाला अकोल्यात एकवीस टाके पडले. चौथ्या दिवशी बिबट पिंजऱ्यात सापडला. लोक भेटून गेले. इंदूबाई किती शूर, असं जो तो म्हणत होता.

सगळे गेल्यावर ती खुराड्यापाशी बसून रडू लागली.

"लय वाईट होता तो, पण असं मरण नको होतं. माया कोंबड्यांनीच त्या जनावराले इथवर आणलं. मले नीट कोंडता नाई आल्या. हे पाप मायं हाये, नीलम."

नीलमनं आईच्या बँडेजवरून हात फिरवला.

"तू बराबर कोंडत होती, माय. मीच तार सोडून एक-एक नेत होती. त्या आठवड्यात रोज रपट्याखाली बांधली. शनिवारी तेवढी बांधली नाई."