सकाळचं दूध

गाईच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. थोरलीने तिचा जबडा उघडून पाहिला. जिभेवर फोड आले होते, एक फुटून लालभडक झाला होता. लाळ्या खुरकूत. थोरली गाईच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. भीती वाटेना की रडू येईना.

धाकटी जाऊ किटली धुऊन आली. तिनेही पाहिलं.

“ताई, हे आपल्या दोघींतच राहू दे.”

थोरलीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

खबर दिली की दूध संकलन केंद्राला टाळं लागणार, रोग हटेपर्यंत. गावाचं सगळं दूध घरोघरी नासणार. आणि ते केंद्र तर तिच्याच पायपिटीवर उभं राहिलं होतं. गवळी म्हणेल ते माप मुकाट्याने ऐकणाऱ्या बायकांना तिने दारोदार फिरून सभासद केलं होतं. आता गावाची टाकी रोज भरायची. टँकर यायचा. शंभर गावांचं दूध डेअरीत एक व्हायचं आणि पिशव्यांतून पार देशभर जायचं. आपलं दूध कुठल्या कुठे पोचतं, हे ती पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगायची.

सवयीने तिने धार काढली. किटली नेहमीच्या निम्मीही भरली नाही. किटली उचलून ती केंद्राकडे चालू लागली.

रांग लागलेली होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मागे रेडिओ येऊन उभा राहिला. या माणसाची टकळी कधी बंद व्हायची नाही, म्हणून ते नाव. आज तोही पायाकडे बघत होता. कुणी हसेना, कुणी पुढच्याशी भांडेना. कळलंय सगळ्यांना, थोरलीला वाटलं. धाकटी कुठेतरी बोलली असणार.

तिची पाळी आली. दूध तपासणाऱ्या टेस्टरने नमुन्यासाठी पळी पुढे केली. थोरलीने किटलीवर हात आडवा धरला.

“घेऊ नका. माझ्या गाईला खुरकूत झालंय.”

आवाज आपला नव्हेच, असं तिला वाटलं. आता शिव्या येतील म्हणून ती वाट पाहू लागली.

रेडिओने घसा खाकरला.

“वहिनी, माझ्या दोन्ही म्हशी परवापासून बसून आहेत,” तो हळूच म्हणाला आणि त्याने आपल्या किटलीचं झाकण दाबून बसवलं.

त्याच्या मागे आणखी एक झाकण बसलं. मग आणखी एक. रांगेच्या टोकापर्यंत तो आवाज खटखट करत गेला.

टेस्टर उठला. मागे जाऊन त्याने मोठ्या टाकीची तोटी पूर्ण उघडली. दूध गटाराकडे धावलं.

“अरे, हे काय करतोस?” थोरली म्हणाली. “तेवढं तरी चांगलं असेल!”

“नाही, काकू.” त्याने मान वर केली नाही. “त्यात सगळ्यात आधी माझ्याच गोठ्यातलं ओतलंय.”